ग्रामसभेच्या डेपोतले 800 बांबू : एका बुरडीणबाईचा अनुभव

बांबू दारात आला की मी आधी त्याचं बूड बघते. कापणाऱ्याने कोयता कसा मारला ते तिथे कळतं. व्यापाऱ्याच्या गाडीतल्या बांबूचं बूड बहुतेक वेळा चिंबलेलं असतं. दोन-चार घाव घालून, मग वाकवून, मोडून काढलेला बांबू तो. त्याची चीर वर दोन पेरांपर्यंत जाते आणि तेवढा तुकडा सरपणात जातो. यंदा 9 जानेवारीला आमच्या गल्लीत जो ट्रक उतरला, त्यातल्या बांबूंची बुडं स्वच्छ, तिरकी कापलेली होती. माझ्या धाकट्या दिरांनी पहिला बांबू उभा चिरला तेव्हा सुरी बुडापासून शेंड्यापर्यंत न अडकता गेली. ते एवढंच म्हणाले, "वहिनी, हा कुठून आणला?"

हा बांबू गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावाच्या ग्रामसभेकडून थेट विकत घेतला. गावाचं नाव इथे लिहीत नाही, कारण ग्रामसभेने तशी विनंती केली आहे. मागे कुणीतरी त्यांचा फोन नंबर सगळीकडे पाठवला आणि विकायला बांबू शिल्लक नसताना दिवसभर फोन येत राहिले. त्यांच्या जंगलातून वर्षाला ठरलेलाच बांबू निघतो, मागणी आली म्हणून जास्त कापत नाहीत. पण व्यवहार कसा झाला, माल कसा निघाला, कुठे त्रास झाला हे सगळं लिहिते. आमच्या धंद्यातल्या लोकांना याची फार गरज आहे आणि अशा ग्रामसभा एक-दोन नाहीत. गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून जास्त गावांना सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल राखायचा आणि त्यातला माल विकायचा हक्क, मिळालेले आहेत.

आम्ही नागपूरचे. घरात तीन पिढ्या बुरडकाम. सूप, टोपली, परडी, लग्नातली झाल, दुकानांसाठी तट्टे, आणि तिरडीचे बांबूसुद्धा. दिवाळीनंतर छठपूजेसाठी सुपांची मोठी मागणी असते, त्या पंधरा दिवसांत अर्ध्या वर्षाची कमाई होते. संत्र्याच्या टोपल्यांचं काम सासऱ्यांच्या काळी जोरात होतं, ते प्लास्टिकच्या क्रेटने नेलं. सासऱ्यांकडे बुरडाचं कार्ड होतं. त्यावर सवलतीचा बांबू मिळे, पण आमचा नंबर लागेपर्यंत चांगला बांबू उचलला गेलेला असे आणि उरलेला वाळून काठीसारखा झालेला असे. वाळल्या बांबूची काडी सुपाला वळत नाही, मोडते. मग व्यापारी. व्यापाऱ्याकडे बांबू कुठला, किती वर्षांचा, कधी कापलेला, असलं काही विचारायचं नसतं.

वनहक्क कायद्याचं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता, हे मान्य करते. आमच्या वस्तीत बोललं जायचं की जंगल आता गावांना दिलं, म्हणजे बुरडांच्या तोंडचा घास गेला. आम्ही त्या गावांत राहत नाही, आमच्याकडे जमीन नाही, जंगल नाही. हातात कसब आहे आणि कच्चा माल दुसऱ्याच्या ताब्यात. हे अजूनही खरंच आहे. पण तो माल कुणाच्या ताब्यात असलेला आपल्याला बरा, याचा विचार मी कधी केला नव्हता.

कायदा मला त्या गावातल्या सचिवाने समजावला. मुलगा असेल 26-27 वर्षांचा, बारावी झालेला, वही आणि कायद्याचं पुस्तक दोन्ही एकाच पिशवीत. 1927 च्या वन कायद्यात बांबू 'वृक्ष' म्हणून धरलेला होता. खरं तर बांबू म्हणजे गवत, पण कायद्याने झाड म्हटलं की त्याची तोड आणि वाहतूक सगळी वनखात्याच्या हातात. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनउपजात घातलं, म्हणजे मोह, तेंदू, मध यांच्या रांगेत. ज्या गावाला सामूहिक हक्क मिळाला त्याला तो गोळा करायचा, विकायचा आणि ते जंगल राखायचा अधिकार मिळाला. 2012 मध्ये नियम बदलले आणि वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती देऊ लागली. शेतातल्या बांबूला झाडाच्या व्याख्येतून काढलं ते 2017 मध्ये. ही तारखांची उजळणी मला पुढे रस्त्यात उपयोगी पडली, ते सांगतेच.

त्याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा हक्क त्यांना मिळाला. पण कागद मिळाला म्हणून बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना द्यायचा कुणी यावर अडलं. शेवटी 27 एप्रिल 2011 ला त्या वेळचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती दिलं. मी सचिवाला म्हटलं, "एका पुस्तकासाठी दिल्लीचा मंत्री यावा लागला?" तो म्हणाला, "हाव जी ताई. बांबू आमच्या दारात होता, पन दाराबाहेर नेता येत नव्हता."

आता खरेदीकडे येते.

सप्टेंबरमध्ये आम्ही पत्र दिलं. किती बांबू, कशासाठी, किती लांबीचे, कधीपर्यंत. फोनवर मागणी घेत नाहीत, लेखीच लागते, कारण ती ग्रामसभेत वाचली जाते. त्यांची अट अशी की एका ट्रकपेक्षा कमी माल देत नाहीत. एकट्या बुरडाच्या घराला 800 बांबू एकदम झेपत नाहीत, पैशानेही नाही आणि जागेनेही नाही. मग आम्ही पाच घरं एकत्र आलो. मी 300 घेतले, बाकी चौघांनी सव्वाशे-सव्वाशे. हे जुळवायला मला दीड महिना लागला. दोघांनी शेवटच्या आठवड्यात नाही म्हटलं, त्यांच्या जागी दुसरे शोधले. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी आधी आपली माणसं पक्की करावीत, मगच पत्र लिहावं.

नोव्हेंबरमध्ये ग्रामसभेने बोलावलं. मी आणि शेजारचे एक काका गेलो. गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या सामाईक घरासमोर, सगळे बसलेले, बायका मोठ्या संख्येने, आणि त्या बोलत होत्या. मला वाटलं होतं भाव ठरेल आणि आम्ही निघू. दोन तास त्यांनी मलाच प्रश्न विचारले. सूप कसं करता? एका बांबूत किती सुपं निघतात? शेंडा फेकता का वापरता? एका आजींनी माझे हात धरून बोटं पाहिली, कापलेल्या खुणा पाहिल्या आणि गोंडीत काहीतरी म्हटलं. सगळे हसले. सचिवाने सांगितलं, "आजी म्हणते, हिला बांबू द्या, ही खरंच बांबू फाडते."

आणि तिथेच आमचं भांडण झालं. भांडण म्हणजे आवाज चढला नाही, पण मी अडून बसले. सुपाला, बारीक परडीला कोवळा बांबू लागतो, एक वर्षाचा. त्याची काडी रेशमासारखी निघते. व्यापारी तो मुद्दाम वेगळा काढून चढ्या भावाने देतात. मी म्हटलं, निदान शंभर तरी कोवळे द्या. समितीतले एक वयस्कर काकाजी शांतपणे म्हणाले, "नाही जी बाई. यंदाचा नाही, मागल्या वर्षाचाही नाही. तिसऱ्या वर्षाचा घ्या."

दुसऱ्या दिवशी ते मला जंगलात घेऊन गेले, का नाही ते दाखवायला. या सबंध व्यवहारातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग तो, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

बांबूच्या बेटाला तिकडे रांजी म्हणतात. बहुतेक सगळा बांबू मानवेल, आतून जवळजवळ भरीव. नाल्याच्या काठाला थोडा कटांग, काटेरी, जाड. काकाजींनी एका रांजीशी बसून माती उकरली आणि जमिनीखालचा कंद दाखवला. नवा कोंब पावसाळ्यात येतो तो म्हाताऱ्या बांबूच्या बुडातून येत नाही, तो एक-दोन वर्षांच्या बांबूच्या कंदातून येतो. कोवळा बांबू कापला की पुढच्या वर्षीचा कोंबच कापला. शिवाय नव्या बांबूला पहिली दोन वर्षं आधार लागतो जुन्यांचा, नाहीतर वाऱ्याने तो लवतो, वाकडा होतो. म्हणून प्रत्येक रांजीत आठ-दहा जुने बांबू ठेवायचेच. तोड जमिनीपासून वीतभर उंचीवर, पहिल्या गाठीच्या लगेच वर, म्हणजे खुंटात पाणी साचून तो कुजत नाही. आणि रांजी सगळीकडून सोलायची नाही, एका बाजूने घोड्याच्या नालेसारखी वाट करून आत शिरायचं आणि आतले जुने काढायचे. बाहेरच्या कडेचे नवे तसेच राहतात. एकदा कापलेल्या भागाला पुढे तीन वर्षं हात लावायचा नाही.

मी 30 वर्षं बांबू फाडते आहे. कंद पहिल्यांदा पाहिला.

काकाजींनी मग जवळची एक जुनी रांजी दाखवली, पूर्वी ठेकेदाराच्या माणसांनी कापलेली. कमरेएवढ्या उंचीवर तोडलेले खुंट, त्यांच्या मधोमध वाकडे, एकमेकांत अडकलेले बांबू, आणि आत शिरायला जागाच नाही. उंचावरून कापायला सोपं जातं, रोजी बांबूच्या संख्येवर मिळते, आणि पुढच्या वर्षी कापणारा त्याच जंगलात येईलच असं नसतं. त्या रांजीतले मेलेले खुंट गावाने दोन वर्षं थोडे थोडे करून काढले आणि कंदावर माती चढवली. मी गेले तेव्हा तिथे सात नवे बांबू सरळ उभे होते. काकाजींनी ते मोजून दाखवले.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे, काढल्या होत्या, त्यांच्या खुणा दिसत होत्या. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवायचा, तेंदूला नवी पालवी जोरात यावी म्हणून आग लावायची, अशी सवय तिथेही होती. वणव्यात बांबूचे कोवळे रोप सगळ्यात आधी जातात. आता पाला झाडून गोळा करतात आणि आगीच्या दिवसांत घरटी पाळी लावून जंगलात फिरतात. पाळीचं रजिस्टर सचिवाच्या पिशवीत होतं. कोणत्या घराची पाळी चुकली तेही त्यात लिहिलेलं, अध्यक्षांच्या घरासकट. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव म्हणून गाव आहे, 2012 मध्ये सुमारे 1,000 हेक्टरचा हक्क मिळालेलं. तिथल्या ग्रामसभेने तर तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं. पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लागतात, आणि झाडाला फळ धरत नाही, जे माणसं आणि पाखरं दोघं खातात. हातात येणारा पैसा गरीब गावाने आपणहून सोडला, हे मला त्या दिवशी जंगलात उभं राहून कळलं तसं आधी कधीच कळलं नसतं.

पण मला कोवळा बांबू हवाच होता. मार्ग निघाला तो दोघांच्या कामातून. मी सांगितलं की तिसऱ्या वर्षाचा बांबूसुद्धा चालेल, पण तो कापल्यापासून आठ दिवसांच्या आत माझ्या दारात हवा, ओला असतानाच मी त्याच्या काड्या काढून ठेवीन. काकाजी म्हणाले, मग नाल्याकाठचा घ्या. नाल्याकाठच्या मानवेलीचं पेर लांब असतं आणि अंगात पाणी जास्त. डोंगरावरच्या बांबूचं पेर आखूड, तो काठीला आणि मांडवाला चांगला. ही माहिती आम्हा बुरडांकडे हातांच्या अंदाजाने होती, पण जंगलात तो कुठे उभा असतो ते माहीत नव्हतं. व्यापाऱ्याच्या गाडीत दोन्ही एकत्र भरलेले येतात. इथे कापणाऱ्यांनी नाल्याकाठचे 300 वेगळे बांधून दिले, त्या बंडलांना मोळाच्या दोरीची वेगळी गाठ होती.

आता हिशेब. दर 46 रुपये नग, लांबी 18 फूट. 800 बांबूंचे 36,800. अर्धे पैसे आधी, अर्धे माल भरल्यावर, दोन्ही ग्रामसभेच्या बँक खात्यात, आणि दोन्हींची छापील पावती. ट्रकचं भाडं 14,500, आमच्याकडची उतराई 2,400. एकूण 53,700, म्हणजे दारात पडलेला बांबू 67 रुपयांना. आमच्या नेहमीच्या व्यापाऱ्याचा भाव त्याच महिन्यात 85 होता. पण खरा फरक वाया जाण्यात आहे. मी वहीत मांडते नेहमी. व्यापाऱ्याच्या गेल्या तीन गाड्यांत शंभरातले सरासरी 23 बांबू कामाचे नव्हते : फाटके, किडके, वाकडे, किंवा इतके जुने की काडी निघत नाही. यंदाच्या माझ्या 300 मध्ये 27 गेले, म्हणजे शंभरात 9. हा फरक धरला तर कामाचा बांबू मला इथे सुमारे 74 रुपयांना पडला आणि व्यापाऱ्याकडे 110 ला. कोवळा नसूनही. सुपाच्या काडीला हात थोडा जास्त चालवावा लागतो, एका सुपामागे दहा-बारा मिनिटं जास्त जातात, ते मी या हिशेबात धरलेलं नाही. पण कड मजबूत येते. मार्चमध्ये एका नेहमीच्या गिऱ्हाईकबाईंनी आपणहून विचारलं की यंदाची सुपं वजनाला जड का आहेत. त्यांना ती आवडली होती.

46 रुपयांतून आधी कापणाऱ्यांची मजुरी जाते, मग उरलेल्यातून जंगलाचं काम, म्हणजे रांज्यांची सफाई, जाळरेषा, रोपं, आणि बाकी गावाच्या खात्यात. कशावर किती खर्च झाला ते ग्रामसभेत वाचून दाखवतात. मी बसले होते त्या दिवशी एका बाईने हिशेबातल्या 700 रुपयांवर अर्धा तास प्रश्न विचारले आणि कुणी तिला गप्प केलं नाही.

तक्रारी आहेत, आणि त्या त्यांच्यासमोर मांडल्यावरच इथे लिहिते.

पहिली, उशीर. माल 20 डिसेंबरला द्यायचं ठरलं होतं, आला 9 जानेवारीला. यातले अकरा दिवस हत्तींमुळे गेले. 2021 मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला आणि तेव्हापासून त्यांचा वावर आहे. बांबू त्यांचं आवडतं खाणं. कळप त्या बाजूच्या जंगलात असताना माणसं आत पाठवणार नाही असं ग्रामसभेने ठरवलं आणि ते बरोबरच होतं, बांबूसाठी कुणाचा जीव जाऊ नये. पण आम्हाला ते कळलं सहा दिवसांनी. गावात फोनला रेंज नाही, टेकडीवर चढून बोलावं लागतं. लग्नातल्या झालींच्या माझ्या दोन ऑर्डरी तोवर दुसरीकडे गेल्या. उशीर होणार असेल तर निदान दुसऱ्या दिवशी एक निरोप यायला हवा, मग तो तालुक्याच्या गावातून कुणी पाठवला तरी चालेल.

दुसरी, लांबी. 800 पैकी 62 बांबू 18 फुटांपेक्षा आखूड निघाले, काही 15 चे. फसवणूक म्हणून नाही. वेगवेगळ्या टोळ्यांनी कापले आणि एका टोळीकडे मापाची काठी नव्हती, हे त्यांनी स्वतःच शोधून सांगितलं. त्या 62 चा अर्धा दर, म्हणजे 1,426 रुपये, पुढच्या मालात वळते करायचा ठराव झाला. ठरावाची प्रत मला पोस्टाने आली. फक्त त्याला पाच आठवडे लागले, कारण निर्णय एकटा अध्यक्ष किंवा सचिव घेत नाही, सगळ्यांची संमती लागते. व्यापाऱ्याने फोनवर दोन मिनिटांत 'बघू' म्हटलं असतं आणि पैसे कधीच दिले नसते. तरीही पाच आठवडे जास्त होतात. छोट्या तक्रारींसाठी समितीला थोडा अधिकार देऊन ठेवावा, असं मी पत्रात लिहिलं आहे.

तिसरी गोष्ट कीड. कापल्यावर बांबूवर काही प्रक्रिया होत नाही. थंडीत कापल्यामुळे भुंगा कमी लागतो, पण मेपर्यंत साठवलेल्या बांबूत पीठ पडायला लागलंच. वाहत्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवले तरी बराच फरक पडतो. नाला आहे, माणसं आहेत, हे त्यांनी करायला हवं. असा भिजवलेला बांबू मी 52 रुपयांनाही घेईन.

आणि रस्त्यातला त्रास, ज्यात ग्रामसभेचा दोष नाही. एका नाक्यावर आमचा ट्रक पावणेदोन तास उभा केला. तिथल्या माणसाने परवाना उलटून पाहिला आणि म्हणाला, हा शिक्का चालत नाही, खात्याचा परवाना आणा. ट्रकवाला घाबरला. त्याने मला फोन लावला आणि मी त्या साहेबांना फोनवरच 2012 च्या नियमांचं सांगितलं, परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीचा आहे, पुस्तकाचा अनुक्रमांक आहे, सही आहे, दर बंडलाची नोंद आहे. त्यांनी कुणाला तरी विचारलं आणि शेवटी गाडी सोडली. मी बोलू शकले कारण नोव्हेंबरमध्ये त्या मुलाने कायदा नीट समजावला होता. ज्यांना कुणी समजावलेलं नाही, त्यांच्या गाड्या किती वेळ उभ्या राहत असतील? ओला बांबू उन्हात उभ्या गाडीवर सुकत होता आणि मला एकेक मिनिट मोजता येत होतं. नियमाची एक छापील प्रत परवान्याला टाचून द्यावी, हेही मी पत्रात लिहिलं, आणि ते त्यांनी लगेच मान्य केलं.

मला मनापासून जे म्हणायचं आहे ते ग्रामसभांना आणि बुरडांना, दोघांनाही आहे. ग्रामसभा मोठ्या खरेदीदारांकडे बघतात, हजारोंनी बांबू उचलणारे, लिलावाची बोली लावणारे. त्यांच्याकडून पैसा एकदम येतो, कबूल. पण त्या खरेदीदाराला बांबू नाल्याकाठचा की डोंगरावरचा, याने फरक पडत नाही. तो लगदा करणार किंवा पुढे विकणार. तुमच्या बांबूचं पेर किती लांब आहे हे ज्याला कळतं आणि त्याला जो किंमत देतो, तो कारागीर आहे. त्याच्यासाठी शे-दीडशे बांबूंचा हिस्सा राखून ठेवा, तालुक्याच्या गावी एक छोटा डेपो ठेवा. कोरची तालुक्यात अनेक ग्रामसभा मिळून महाग्रामसभा चालवतात. अशा ठिकाणी हे सहज जमण्यासारखं आहे. आणि आमच्या समाजाला सांगते : आपण इतकी वर्षं सवलत मागत आलो. सवलतीचा बांबू हवाच, तो सोडा असं मी म्हणत नाही. पण ज्यांनी तो वाढवला त्यांच्यासमोर बसून, बोटं दाखवून, भाव ठरवून बांबू घेतला, तेव्हा मला पहिल्यांदा कुणी विचारलं की शेंडा फेकता का वापरता.

शेंड्याचं सांगायचं राहिलं. आम्ही शेंडे फेकायचो. आजींनी सांगितलं की त्यांच्याकडे शेंड्याच्या बारीक काड्यांची मासे धरायची साधनं करतात. आता माझी सून शेंड्याच्या काड्यांच्या छोट्या परड्या करते, हळदीकुंकवाच्या वाणासाठी. जानेवारीत 140 गेल्या.

ज्यांना घ्यायचा आहे त्यांच्यासाठी : गडचिरोली, चंद्रपूरच्या कोणत्याही सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला पावसाळा संपायच्या आत लेखी मागणी द्या. बांबूची तोड पावसात होत नाही, तेव्हा कोंब फुटत असतात. वापर काय ते स्पष्ट लिहा, लांबी लिहा, पेर लांब हवं की आखूड ते लिहा. किमान एकदा स्वतः जा. पावती आणि परवान्याची प्रत घ्या. ट्रक 18 फुटांचा बांबू मावेल असाच ठरवा, आमचा पहिला ट्रकवाला गाडी लहान म्हणून परत गेला होता. कोवळा बांबू मागू नका.

या वर्षी आमची घरं पाचाची आठ झाली आहेत. मागणी 1,200 ची केली, ग्रामसभेने 900 मंजूर केले, कारण यंदाच्या तोडीच्या भागात तेवढेच तीन वर्षांवरचे आहेत. उरलेल्या तीनशेसाठी त्यांनीच शेजारच्या गावाचं नाव सुचवलं आहे. पुढच्या मंगळवारी तिकडे जाते आहे, मापाची काठी सोबत घेऊन.